‘ताई, माझा युनिकॉर्न गेला’: ऑनलाइन गेममधल्या फसवणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळात मी शाळकरी मुलांचे संगणकाचे वर्ग घेते. वर्ग सुटल्यावर मुलं दाराशी रेंगाळतात आणि जे विचारतात, त्यातलं निम्मं गेमबद्दल असतं. कोणीतरी कोणाला तरी फसवलेलं असतं. रावेर, अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडूनही आयांचे मेसेज येतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र लिहिलेत. प्रश्नांचे शब्द विचारणाऱ्यांचेच आहेत, नावं मी काढली आहेत.

१. स्कॅम म्हणजे नेमकं काय? मॅचमध्ये मी कोणाला मारलं तर तेही फसवणंच ना?

नाही. मॅचमध्ये उतरलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की समोरचा आपल्याला हरवायला आलाय. झाडामागे दबा धरणं, खोटी चाल करणं हा खेळच आहे. कबड्डीत चढाईला गेलेला पोरगा पायाची हूल देतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही. स्कॅम म्हणजे खोटं बोलून किंवा काही लपवून समोरच्याची वस्तू, पैसे किंवा आयडी (म्हणजे गेममधलं खातं) काढून घेणं. ओळखायची सोपी खूण सांगते. तुझ्या मनात काय चाललंय ते समोरच्याला त्या क्षणी दिसलं असतं, तर त्याने ती वस्तू तुला दिली असती का? ‘नसती दिली’ असं उत्तर आलं की समज, तो स्कॅम.

२. पण ती वस्तू खरी नसतेच. नुसतं चित्र आहे. मग कोणाचं काय गेलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि सुरुवातीला मीसुद्धा असंच मानायचे. मागच्या मे महिन्यात माझं मत बदललं.

नऊ वर्षांचा एक मुलगा वर्गात पाय खुर्चीवर घेऊन, अंग चोरून बसला होता. आईचा फोन, त्याच्या काचेच्या कोपऱ्याला सेलोटेप. रोब्लॉक्स या गेमच्या ॲपमधल्या ‘अडॉप्ट मी’ या प्राणी पाळायच्या खेळातली त्याच्या प्राण्यांची यादी तो अंगठ्याने वर सरकवत होता, मग खाली, मग परत वर. मी विचारलं तर एवढंच म्हणाला, ‘मना युनिकॉर्न गया ना, ताई.’ मी पटकन म्हणून गेले, ‘अरे, गेमच आहे, जाऊ दे.’ त्यानंतर तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. ते माझं चुकलं होतं.

तो युनिकॉर्न कसा तयार झाला होता ते मी नंतर समजून घेतलं. त्या खेळात प्राणी पिल्लू म्हणून येतो आणि सहा टप्प्यांत मोठा होतो. त्याला भूक लागते, तहान लागते, झोप येते, आणि प्रत्येक वेळी आपण ते बघायचं असतं. एकाच जातीचे चार प्राणी असे पूर्ण वाढवले की त्यांचा मिळून एक चमकणारा ‘निऑन’ प्राणी होतो. असे चार निऑन मिळून एक ‘मेगा निऑन’, म्हणजे सोळा प्राणी वाढवायचे. या पोराला आई संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंतच फोन देते. त्या तेवढ्या वेळात, दिवाळीपासून, त्याने चार युनिकॉर्न वाढवले होते.

चित्र गेलं, एवढंच खरं नाही. दिवाळी ते मेपर्यंतच्या त्याच्या संध्याकाळी गेल्या. वडिलांच्या खात्यातले पैसेही आपल्याला स्क्रीनवर आकडा म्हणूनच दिसतात, पण तो आकडा कोणी पळवला तर ‘नुसता आकडाच होता’ असं घरात कोणी म्हणत नाही. शिवाय डायमंड, यूसी किंवा रोबक्स (ही वेगवेगळ्या गेममधली विकत घ्यायची नाणी) असतील तर त्यांच्यामागे कोणीतरी खरे रुपये मोजलेले असतात, बहुतेक वेळा आईबापानेच.

३. मी जबरदस्ती केली नाही. त्याने स्वतःच्या हाताने ‘ॲक्सेप्ट’ दाबलं. मग दोष माझा कसा?

तुझ्या घरी कापूस होत असेल तर हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. खेडा खरेदीला व्यापारी दारात येतो, काटा लावतो, वजन सांगतो. शेतकरी ‘हो’ म्हणतो, पैसे मोजून घेतो, गाडी निघून जाते. नंतर कळतं की काटा मारला होता. मग व्यापारी म्हणाला, ‘तुम्हीच हो म्हणालात’, तर तुझे वडील काय म्हणतील? त्यांनी हो म्हटलं होतं ते खऱ्या वजनाला. खोट्या वजनाला त्यांनी होकार दिलाच नव्हता.

बटणाचंही तसंच आहे. ‘आधी तू दे, मग मी देतो’ असं तू म्हणालास आणि त्याने ॲक्सेप्ट दाबलं, तेव्हा त्याने तुझ्या शब्दाला होकार दिला. शब्दच खोटा, तर त्याच्या होकारातलं तुझ्या हाती काही उरत नाही. अडॉप्ट मीमध्ये सौदा दोनदा पक्का करावा लागतो, आणि दुर्मीळ प्राण्यांच्या देवाणघेवाणीआधी फसवणूक ओळखायची छोटी परीक्षा देऊन ट्रेडचा परवाना घ्यावा लागतो. खेळ बनवणाऱ्यांना हे सगळं करावं लागलं, कारण नुसतं बटण दाबणं म्हणजे समजून दाबणं नव्हे, हे त्यांना दिसलं.

४. मुलांना फसवतात तरी कसं? आम्हाला गेममधलं काहीच कळत नाही.

पालकांसाठी थोडक्यात सांगते. सगळ्यात जुना प्रकार ‘ट्रस्ट ट्रेड’: विश्वास ठेव, आधी तू दे. दुसरा, ‘तुझी वस्तू दे, मी डबल करून देतो’. तिसरा, सौदा पक्का होता होता आपली वस्तू काढून तिच्यासारखीच दिसणारी हलकी वस्तू ठेवणं. चौथ्यात एक ‘मिडलमॅन’ येतो, दोघांच्या वस्तू सांभाळतो म्हणतो आणि गायब होतो. बहुतेक वेळा तो फसवणाऱ्याचाच मित्र किंवा त्याचाच दुसरा आयडी असतो. पाचवा प्रकार गेमच्या बाहेरचा: फुकट रोबक्स किंवा फुकट डायमंडची लिंक, तिथे पासवर्ड टाकला की आयडी गेला. फुकट रोबक्स बनवणारी कुठलीही साइट खरी नसते, रोब्लॉक्स कंपनी स्वतः हे सांगते. काही जण मुलाला एखादा कोड ब्राउझरमध्ये पेस्ट करायला लावतात. त्यातून पासवर्ड न विचारताही खातं हातचं जाऊ शकतं.

सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे घाई. ‘लवकर कर, मला जायचंय.’ मुलाला एवढं एक वाक्य ओळखायला शिकवलंत तरी पुष्कळ झालं.

५. मला आधी कोणीतरी फसवलं होतं. माझं गेलेलं मी दुसऱ्याकडून भरून काढलं. यात काय चुकलं?

तुझ्यावर अन्याय झाला हे खरं आहे आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण ज्याने तुझं नेलं त्याच्याकडून तू काहीच परत घेतलं नाहीस. तू तिसऱ्याकडून घेतलंस, ज्याने तुझं काही केलं नव्हतं. आता तोही कदाचित चौथ्याकडे जाईल. मी एकाच वर्गात ही साखळी पाच जणांपर्यंत गेलेली पाहिली आहे, आणि पाचवी होती दुसरीतली मुलगी. तिच्या खाली कोणी नव्हतं म्हणून साखळी तिथे थांबली. तुझी वस्तू गेली त्याची तक्रार कशी करायची ते प्रश्न १० मध्ये आहे.

६. समोरच्याला त्याच्या वस्तूची किंमत माहीत नव्हती. मी खोटं काहीच बोललो नाही, फक्त गप्प राहिलो. हे चालतं का?

याचं उत्तर ‘समोर कोण आहे’ यावर आहे, आणि मला ते एका ओळीत देता येत नाही.

आपल्याकडच्या बैलबाजारात जुनी रीत आहे. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचा, शेजारच्याला कळत नाही. घेणारा कमी सांगतो, देणारा जास्त मागतो, आणि दोघांनाही त्यात गैर वाटत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी त्याचे दात बघतो, चाल बघतो, मग बोलतो. तिथे घासाघीस चालते, कारण दोघांनाही दात बघता येतात.

तुझ्याच वयाचा, तुझ्याइतकाच खेळलेला मुलगा असेल, भाव पाहायची सोय दोघांना सारखी असेल, तर तू स्वस्तात घेतलंस यात मी तुला दोष देणार नाही. पण समोर सात वर्षांचं पोर असेल तर त्याला दात बघता येत नाहीत, आणि हे तुला माहीत आहे. त्याच्या अडाणीपणावरच तुझा सगळा नफा उभा असेल तर गप्प बसणं पुरेसं नाही, त्याला सांग. आणि त्याने ‘हे बरोबर आहे ना, दादा?’ असं विचारलं आणि तू ‘हो’ म्हणालास, तर मग वयाचा प्रश्नच उरत नाही. ते सरळ खोटं झालं.

७. काही गेममध्ये खोटं बोलणं हाच नियम असतो. मग तेही वाईट का?

नाही. ‘अमंग अस’सारख्या खेळात एकाला खुनी व्हावं लागतं आणि त्याने खोटंच बोलायचं असतं. बसलेल्या प्रत्येकाला ते आधीपासून ठाऊक असतं, डाव संपला की सगळे पुन्हा सारखे होतात, कोणाचं काही जात नाही. घरी पत्त्यात आपण हातातली पानं लपवतोच की. त्याच खेळात कोणी ‘तुझा पासवर्ड सांग, तुला जिंकवतो’ म्हणाला, तर मात्र तो खेळाच्या बाहेर गेला.

८. यूट्यूबवर मोठमोठे गेमर ‘स्कॅमरला स्कॅम केलं’ म्हणून व्हिडिओ टाकतात. तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात.

व्हिडिओत समोरचा खरंच स्कॅमर होता हे तुला कोण सांगतं? व्हिडिओ टाकणाराच. मी असे बरेच बघितले, मुलांसोबत बसून. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या बाजूचं पोर काय म्हणतंय ते आवाज बंद करून टाकलेलं असतं. काही तर आपसात ठरवून केलेले असतात. फसवणारा सापडला तर गेममध्ये रिपोर्टचं बटण आहे, ते दाब. वस्तू काढून घेऊन स्वतःकडे ठेवलीस तर ज्याची मूळ होती त्याला काय मिळालं?

९. मित्राने स्वतःच मला पासवर्ड सांगितला होता. भांडण झालं म्हणून मी त्याच्या आयडीवरून डायमंड उडवले. ही चोरी का?

हो. शेजारी गावाला जाताना घराची किल्ली ठेवून जातात ती तुळशीला पाणी घालायला. भांडण झालं म्हणून त्यांचं कपाट उघडायचं का? शिवाय हा नुसता मैत्रीचा प्रश्न राहत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ सी (66C) खाली गुन्हा आहे. पुढचं प्रश्न १३ मध्ये.

आणि ज्याने पासवर्ड दिला त्यालाही सांगते: जिवाभावाच्या मित्रालाही देऊ नकोस. आजच बदल आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू कर.

१०. माझ्या मुलीला फसवलं गेलंय. ती जेवत नाहीये. मी काय करू?

आधी तिच्याजवळ बसा. ‘तुला सांगितलं होतं ना’ हे वाक्य आज नको. पुढच्या वेळी काही मोठं घडलं तर तिने तुमच्याकडेच यायला हवं, आणि ती येईल की नाही हे आज ठरतंय.

मग स्क्रीनशॉट काढा: चॅट, सौद्याची नोंद, समोरच्याचं यूजरनेम. दिसणारं नाव कोणालाही काहीही ठेवता येतं, म्हणून त्याखालचं यूजरनेम टिपा. गेममधूनच रिपोर्ट करा. दोघांनी मंजूर केलेला सौदा बहुतेक गेम परत फिरवत नाहीत, हे तिला आत्ताच खरं सांगून टाका, खोटी आशा लावू नका. पण रिपोर्ट झाला तर त्या आयडीवर बंदी येऊ शकते आणि पुढचं एखादं पोर वाचतं.

पासवर्ड गेला असेल तर लगेच बदला, तोच पासवर्ड जिथे जिथे असेल तिथेही. खात्यातून रुपये गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनला त्याच क्षणी फोन लावा, उद्यावर टाकू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. आणि फसवणारा फोटो मागत असेल, भेटायला बोलवत असेल, धमकावत असेल तर हा गेमचा विषय राहिलाच नाही: पोलिसांकडे जा, किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर फोन करा.

११. फसवलेला नाही, फसवणारा माझा मुलगा निघाला. आम्हाला धक्का बसलाय. फोन काढून घेऊ का?

प्रश्न २ मधला युनिकॉर्न कोणी नेला ते जून उजाडता उजाडता कळलं. माझ्याच वर्गातला, सातवीतला मुलगा. त्याच्या आईने फोनवरचं चॅट वाचलं आणि मला बोलावलं.

तो हुशार आहे, घरात सगळ्यांचा लाडका आहे. मी त्याला विचारलं, ‘तू त्याला कसं निवडलंस?’ थोडा वेळ गप्प राहून त्याने सांगितलं की जो चॅटमध्ये हळू टाइप करतो आणि चुका करतो, तो लहान असतो. म्हणून तो आधी सगळ्यांना नुसतं ‘हाय’ करायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचा. अशा मुलांना त्याच्या ग्रुपमध्ये शब्द होता, ‘बकरा’.

हे ऐकलं तेव्हा मला युनिकॉर्नपेक्षा या गोष्टीची जास्त भीती वाटली. तेरा वर्षांचा मुलगा लहान मुलाच्या चुकलेल्या स्पेलिंगकडे बघतो आणि त्याला मदत करावीशी वाटत नाही, हिशोब सुचतो. हीच नजर घेऊन तो उद्या पेढीवर, दुकानात, ऑफिसात बसेल, आणि समोर अंगठा उठवणारी आजी असेल.

फोन काढून घेतला तर तो एवढंच शिकेल की पुढच्या वेळी चॅट डिलीट करायचं. आधी त्याला सगळं सांगू द्या, मधे न थांबवता. कोणाकोणाचं घेतलं ते त्याच्याच हाताने कागदावर लिहू द्या. मग परत द्यायला लावा, समोरासमोर जमलं तर उत्तम. आमच्याकडे तो त्या नऊ वर्षांच्या पोराशेजारी बसला, दोघांचे फोन बाकावर, आणि सौदा उलटा केला. लहानग्याने विचारलं, ‘हा तोच आहे का?’ मोठा म्हणाला, ‘तोच.’ तिसरं वाक्य झालं नाही. लहानगा पुढे बरेच दिवस त्याच्याजवळच्या बाकावर बसला नाही, आणि मी त्याला बस म्हणून सांगितलंही नाही. माफ करायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं आहे.

फोनची वेळ कमी करायची तर जरूर करा, पण परत दिल्यानंतर, आणि त्याला कारण सांगून.

१२. परत द्यायचंय, पण तो मुलगा कोण होता तेच माहीत नाही. ब्लॉक केलंय त्याने.

सौद्याची नोंद, जुनी फ्रेंड-रिक्वेस्ट, चॅट, यांतून यूजरनेम सापडतंय का ते शोध. नाहीच सापडला तर ती वस्तू विकून त्यावर मजा करू नकोस. नव्याने खेळायला आलेल्या एखाद्या लहान मुलाला दे, आणि बदल्यात काही घेऊ नकोस. फिटंफाट झाली असं मात्र समजू नकोस, ज्याचं गेलं त्याचं गेलेलंच आहे.

१३. मुलांना पोलीस खरंच पकडतात का? का नुसतं घाबरवायला सांगता?

घाबरवायला मी कायदा सांगत नाही, आणि पालकांनीही सांगू नये. आहे तो असा. संगणक किंवा फोन वापरून, दुसराच कोणी असल्याचं भासवून फसवणं, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी (66D) मध्ये येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक आहे.

मुलांसाठी वेगळी वाट आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा धरत नाहीत. सात ते बारामध्ये त्याला परिणाम कळण्याइतकी समज होती का ते बघतात. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. एका प्राण्याच्या अदलाबदलीसाठी सहसा कोणी पोलिसात जात नाही, पण दुसऱ्याच्या आईच्या खात्यातून यूपीआयने पैसे गेले की गोष्ट बदलते.

१४. आयडी विकणं, विकत घेणं यात फसवणूक कुठे आली? दोघेही खूश असतात.

बहुतेक गेमच्या नियमांत आयडी विकायला मनाई आहे, त्यामुळे गैरप्रकार झाला तर तक्रार ऐकायला कोणी नसतं. नेहमीचा प्रकार असा: पैसे घेऊन आयडी देतात, आणि दोन दिवसांनी मूळ ई-मेलवरून परत खेचून घेतात. आणखी एक, पैसे ‘मिळण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. हे घरातल्या आजोबांनाही सांगा.

१५. माझे सासरे म्हणतात, ‘पोरगं चालू आहे, धंद्यात नाव काढेल.’ मी एकटी काय बोलू?

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांनाच विचारा की जळगावच्या सोन्यासाठी लोक लांबून लांबून का येतात. ते स्वतः सांगतील. गावात ज्याने एकदा काटा मारला त्याच्या दारात लोक वीस वर्षांनीही जात नाहीत, हे त्यांच्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. नातवासमोर बसवून हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. माझ्या वर्गातल्या एका घरी असंच झालं, आणि आजोबांनी नातवाला जे सांगितलं ते आईबापाने महिनाभर सांगूनही पोचलं नव्हतं.

१६. समोरच्याने चुकून जास्त वस्तू टाकली आणि मी ॲक्सेप्ट केलं. मी तर काहीच केलं नाही. ठेवू का?

चूक झालीय हे तुला कळलं त्या क्षणापर्यंत तू काही केलं नव्हतंस. कळल्यावर ठेवलीस तर केलंस. दुकानदाराने पन्नासऐवजी शंभराची नोट परत दिली तर आपण करतो तेच कर: ‘दादा, जास्त आलंय’ असं त्याला चॅटमध्ये लिही आणि नवा सौदा टाक. तो ‘राहू दे’ म्हणाला तर ती तुझी. तो ऑफलाइन असेल तर उद्या परत बघ.

१७. सौदा सरळ झाला, पण दुसऱ्या दिवशी मला पस्तावा झाला. मी ‘स्कॅम झाला’ म्हणून रिपोर्ट करू शकते का?

नाही. पस्तावणं वेगळं, फसवलं जाणं वेगळं. त्याने खोटं बोललं नसेल तर त्याच्यावर खोटी तक्रार टाकून त्याचा आयडी बंद पाडणं हीसुद्धा फसवणूकच, फक्त आता फसवणारी तू. त्याला नीट विचारून बघ, कदाचित परत देईल. नाही म्हणाला तर ते त्याचं आहे.